समुद्राची तोलाई

देपालपुरात समुद्र नाही. असायचं काही कारणही नाही. इंदूरहून चाळीसेक किलोमीटर वायव्येला सरकलं की हे गाव लागतं. चहूकडे गहू, सोयाबीन, लसूण, बटाटे आणि पाण्याच्या नावानं बनेडियाचा तलाव. पावसाळ्यात तो तुडुंब भरला की काठावर उभं राहून वडीलधारी मंडळी "पूरा समंदर हो गया" म्हणतात. खरा समंदर येऊन त्यांचं म्हणणं खोडून काढेल अशी भीती नसते. अशा गावात बसून माझे मामा एकोणिसाव्या शतकातल्या आगबोटींच्या टपालदरांचे अभ्यासक झाले आहेत.

मामा सिंचन खात्यातून निवृत्त झाले. कालव्यात किती पाणी सोडलं आणि शेतात किती पोचलं, हा हिशोब नोकरीभर कधी जुळला नाही. तेव्हा निवृत्तीनंतर त्यांनी असा हिशोब निवडला, जो दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं जुळवून, शिक्का मारून, मिटवून टाकलेला आहे. आपण तो फक्त वाचायचा. निदान त्यांचा समज तसा होता.

तिकिटं जमवणारे आणि दर लावणारे हे दोन वेगळे पंथ आहेत, हे आधी सांगायला हवं. पहिल्या पंथातला माणूस जुनं पाकीट मिळालं की तिकिटाचा तुकडा कापून पाण्यात भिजवतो, सोडवतो, वाळवतो आणि वहीत लावतो. हे पाहून दुसऱ्या पंथातल्या माणसाला फेफरं येतं. त्याला तिकीट सुंदर आहे की कुरूप याच्याशी कर्तव्य नसतं. एवढंच का लावलं, एक पै कमी का नाही, हे कळेपर्यंत त्याला झोप लागत नाही. पत्रात काय लिहिलं होतं हा प्रश्न दोन्ही पंथांत अशिष्ट मानतात.

मामांना जुन्या सामानाच्या दुकानात मिळालेलं पहिलं पाकीट महूच्या छावणीतून विलायतेला गेलेलं होतं. महू आपल्याच जिल्ह्यातलं. १८१८ मध्ये मंदसौरला होळकरांशी तह झाल्यावर इंग्रजांनी तिथं छावणी घातली, आणि पुढची सव्वाशे वर्षं गोरे शिपाई तिथल्या उकाड्यात बसून घरी पत्रं लिहीत राहिले. पाकिटावर एक जांभळट तिकीट, व्हिक्टोरिया राणीचं, किंमत ८ पै. कोपऱ्यात शिपायाचं नाव, हुद्दा, पलटण, आणि खाली कुणा साहेबाची लफ्फेदार सही. आत काही नाही.

"आठ पै!" मामा दोन दिवस घरात हेच म्हणत फिरत होते. "आणा नाही, अर्धा आणा नाही, आठ पै. म्हणजे दोन पैसे आणि वर दोन पै. असलं मोल कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?"

ते आजीनं सोडवलं. आजी म्हणजे मामांची आई. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ती नुकती लग्न होऊन या घरात आली होती. नव्या पैशांवर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तिला आजही झोपेत येतात. लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, "त्या वेळी रुपयाचे शिलिंग किती?"

"टपालाच्या हिशोबात दोन."

"शिलिंगाच्या पेन्या?"

"बारा."

"म्हणजे रुपयाच्या चोवीस पेन्या, आणि रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. तुझी आठ पै म्हणजे त्यांची एक पेनी. हात धुऊन घे, जेवायला वाढते."

तर ती एक पेनी होती. इंग्रज सरकारनं १७९५ पासून साध्या शिपायांना आणि खलाशांना एका पेनीत पत्र पाठवायची सवलत दिलेली होती. अटी अशा की पत्र अर्ध्या औंसाच्या आत हवं, पैसे आधी भरलेले हवेत आणि पाकिटावर वरच्या साहेबाची सही हवी. आपल्याकडं याच दरासाठी १८६० मध्ये ८ पैचं तिकीट निघालं. साहेबांना मात्र ही सवलत नव्हती. त्यांच्या तेवढ्याच वजनाच्या पत्राला साउदम्प्टन मार्गे ४ आणे, म्हणजे बरोबर सहापट. आता महूचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. डाकेचा दिवस, उन्हाळा, आणि कर्नलसाहेब स्वतःच्या बायकोला ४ आण्यांचं पत्र लिहायचं सोडून शिपायांच्या ८ पैच्या गठ्ठ्यावर सह्या करताहेत. त्या सह्या इतक्या चिडक्या का दिसतात, याचा खुलासा कुठल्याही दरपत्रकात सापडत नाही.

इथपर्यंत सोपं होतं. मग मामांच्या आयुष्यात मार्सेय आलं.

मुंबईहून निघालेलं पत्र आगबोटीनं एडन, तिथून सुएझ, मग मिसरच्या वाळवंटातून अलेक्झांड्रिया, असं जाई. तिथली रेल्वे सुएझपर्यंत पोचली १८५८ मध्ये. त्याआधी टपालाच्या पेट्या उंटांच्या पाठीवर असत. अलेक्झांड्रियानंतर दोन वाटा फुटत. एक सगळी समुद्रातली, माल्टा आणि जिब्राल्टरला वळसा घालून साउदम्प्टनला. दुसरी मार्सेयला उतरून फ्रान्स आरपार करणारी. दुसरी जवळजवळ आठवडाभर आधी पोचवी. पण फ्रेंच सरकार आपल्या जमिनीवरून इंग्रजांची पिशवी फुकट कशाला जाऊ देईल? १८६० च्या दशकात साउदम्प्टन मार्गे ६ पेनी, तर मार्सेय मार्गे १०. दहा पेन्यांच्या पै ८०, म्हणजे ६ आणे ८ पै. (हे मामांनी स्वतः केलं आणि आजीला दाखवून आणलं.) हा आकडा इतका अवघडलेला की त्याच्यासाठी १८६७ मध्ये ६ आणे ८ पैचं पाटीच्या रंगाचं स्वतंत्र तिकीट काढावं लागलं. दोन्ही दरांतला फरक २ आणे ८ पै. घाईची किंमत सरकारनं इतकी स्वच्छ छापून दिल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही. हल्लीच्या कुरियरवाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

त्यात पुन्हा वजनाची भानगड. आपल्या देशातलं टपाल तोळ्यावर चाले, विलायतेचं औंसावर आणि फ्रेंचांचं ग्रॅमवर. अर्धा औंस म्हणजे सव्वा तोळ्याला थोडा कमी. म्हणजे एकच पत्र महूच्या टपालखान्यात तोळ्यात हलकं आणि मार्सेयच्या हिशोबात ग्रॅमला जड ठरू शके. फ्रेंचांचा टप्पा साडेसात ग्रॅमचा, इंग्रजांच्या पाव औंसाच्या आसपास. १८५० च्या दशकात मार्सेयच्या पत्राला पाव औंसाला एक दर आणि अर्ध्या औंसाला दुसरा, हे त्यातूनच आलं. पाव औंस म्हणजे किती? हल्लीचा झेरॉक्सचा एक कागद पाच ग्रॅम भरतो. एक कागद आणि पाकीट, संपलं. म्हणून लोक पातळ कागद वापरीत. पान आडवं लिहून भरलं की तेच पान फिरवून उभ्या ओळींनी पुन्हा भरीत. वाचणाऱ्याचे डोळे गेले तरी चालतील, दुसरा दर लागता कामा नये. देशातल्या देशातही फार उदारपणा नव्हता. १८५४ च्या ऑक्टोबरात अंतर न पाहता अर्ध्या आण्यात पत्र सुरू झालं त्याचं फार कौतुक होतं, पण ते पाव तोळ्याला. म्हणजे तीन ग्रॅमलाही कमी. तेवढ्यात खुशाली मावते; भावकीचं भांडण मावत नाही.

त्याआधीचा कारभार आठवला तर हेही स्वस्तच. १८३७ च्या कायद्यानं कलकत्ता ते मुंबई एका तोळ्याला रुपया पडे. रुपयाची त्या वेळची खरेदी सांगायला मी बसत नाही. आजी ऐकते आहे.

मामा तीन वह्या भरून बसले. दर, मार्ग, वर्ष, वजन, कुणाची बोट. कोष्टकं जुळत, पण त्यातून अर्थ निघेना. तो एके दिवशी मंडीतल्या एका मुनीमजींनी काढला. मुनीमजी आमच्याकडं लसणाच्या पैशांची पट्टी द्यायला येतात. मुंबईलासुद्धा ते गेलेले नाहीत. मामा त्यांना वैतागून सांगत होते, की हे सहा पेनी बघा, यातला एक पेनी हिंदुस्थानातल्या टपालाचा, चार बोटीचे आणि एक इंग्लंडातल्या टपालाचा. आणि वाटणी लक्षात राहावी म्हणून पाकिटावर लाल शाईत हे असे आकडे मारलेले.

मुनीमजींनी पाकीट हातात घेतलं, लाल आकडा पाहिला, आणि आमच्याच लसणाची पट्टी शेजारी ठेवली. "मामासाब, इसमें समझना क्या है? ये तोलाई, ये हमाली, ये आढ़त. बीच में जिसका रस्ता, उसका टैक्स. लिखनेवाले का तो इसमें कुछ भी नहीं."

मामा गप्प झाले. मग तिन्ही वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, आणि खरोखर सगळं उलगडत गेलं. समुद्राचा दर म्हणून जो आकडा दिसतो त्यात समुद्र कुठंच नाही. तो बिचारा काही मागत नाही. मागतात ते दोन्ही काठांवरचे, मधले आणि पाण्यावर बोट घालणारे. हे ध्यानात आलं की जुने दर फार बोलके होतात.

१८१९ चंच घ्या. शिडाच्या जहाजांचे दिवस, केप ऑफ गुड होपला वळसा. पोचायला पाच-सहा महिने, पोचलं तर. त्या साली ठरलं की हिंदुस्थानातून आलेल्या पत्राला तीन औंसांपर्यंत जहाजाचे ४ पेनी. तीन औंस म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम! भावकीचं भांडण, वर वकिलाचा सल्ला आणि शेताचा नकाशा, सगळं त्यात मावावं. पण हेच पत्र पोर्टस्मथला उतरलं की लंडनपर्यंतच्या सत्तरेक मैलांना ८ पेनी, तेही कागदाच्या एका पानाला. दुसरं पान असलं तर दुप्पट. अर्ध्या पृथ्वीला ४ आणि सत्तर मैलांना ८. मुनीमजींना हे ऐकवलं तर ते म्हणाले, मंडीच्या दारापासून काट्यापर्यंतच सगळा खर्च असतो, शेतातून दारापर्यंत काय लागतं?

पाण्यावर बोट घालणाऱ्यांचीही आपली कथा आहे. वाफेवर मुंबई ते सुएझ पहिली गेली ती 'ह्यू लिंडसे', मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेली. २० मार्च १८३० ला निघाली. बांधताना साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी बांधली होती आणि एडन अकरा दिवसांवर. मग काय करणार? माणसांच्या खोल्यांत कोळसा भरला. एडनला लागली तेव्हा काही तासांपुरता उरला होता. सुएझला पोचायला महिन्यावर गेला. टपालाच्या पिशव्या तेवढ्या हलक्या, बाकी सगळी बोट स्वतःचाच शिधा वाहून नेत होती. दोन रुपयांचं पत्र न्यायला चारशे रुपयांचा कोळसा जाळावा की नाही यावर कंपनी सरकारात वर्षानुवर्षं वाद झाले (आकडे माझे, वाद खरे). त्याच सुमारास थॉमस वॅगहॉर्न नावाचा एक हट्टी माणूस मिसरातून स्वतःच्या हिमतीवर टपाल काढून दाखवत होता. सरकारनं त्याची वाट वापरली. तो १८५० मध्ये कर्जात वारला. आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाल्यावर सगळं सुरळीत व्हावं ना? मिसरातून पिशव्या पुढंही कित्येक वर्षं बोटीतून उतरवून रेल्वेनंच नेत होते. बोट कालव्यातून, टपाल काठाकाठानं. सिंचन खात्यातल्या माणसाला हे ऐकून जे समाधान झालं ते शब्दांत सांगता येणार नाही.

माळव्याचा समुद्राशी काय संबंध, असं वाटेल. पण माळव्याच्या काळ्या मातीनं समुद्र माणसांच्या आधी पाहिला, अफूच्या पेटीत बसून. इंदूरला सरकारी काटा होता. पेटी तोलायची, पेटीमागं कर भरून पास घ्यायचा, मग मुंबई, आणि तिथून जमशेटजी जीजीभॉयांसारख्या व्यापाऱ्यांच्या हातून चीन. भाव तिकडं ठरायचा आणि पत्रातून इकडं यायचा. ज्याला पत्र आधी मिळालं त्याची दिवाळी. अशा पत्राला ६ आणे ८ पै काय आणि ६ रुपये काय, कुणी हिशोब करत बसलं नसेल. दरांची काटकसर करायची ती खुशालीच्या पत्रांत.

खरी गंमत पुढंच आहे. १८८६ मध्ये होळकरांनी आपलं तिकीट काढलं, अर्ध्या आण्याचं, दुसऱ्या तुकोजीरावांच्या चित्राचं. होळकरी टपाल पुढं १९०८ मध्ये इंग्रजी टपालात विलीन झालं, तोवर ही तिकिटं होळकरांच्या हद्दीत चालत. देपालपूर होळकरांचं. पण उत्तरेला उज्जैन शिंद्यांचं. तिथं इंग्रजी तिकिटावर ग्वाल्हेरचं नाव छापलेलं. नैर्ऋत्येला धार पवारांचं. त्यांनी १८९७ मध्ये आपली निराळी तिकिटं काढली. देवास तर एकाच गावात दोन गाद्या, थोरली आणि धाकटी. पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत इतके धनी, आणि तुकोजीरावांचा चेहरा शीव ओलांडली की निरुपयोगी. तिथून पुढं राणीच लागे. त्याच काळात विलायतेचे दर मात्र पायरी पायरीनं उतरत होते. १८७६ मध्ये हिंदुस्थान जागतिक टपाल संघात गेला तेव्हा ६ आणे, मग साडेचार, मग १८९१ मध्ये अडीच. साडेचारची तिकिटं छापून पडलेली होती, त्यांच्यावरच अडीचचा शिक्का मारून खपवली. उधळपट्टी नको.

साडेचार आण्यांच्या त्या दिवसांत समुद्रापलीकडच्या टपालावर एक मराठी संसार चालला होता. गोपाळराव जोशी स्वतः टपाल खात्यात कारकून. त्यांच्या पत्नी आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांची अमेरिकेची वाट उघडलीसुद्धा पत्रांनीच. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी १८८० पासून ओळख नसताना पत्रव्यवहार सुरू झाला होता. गोपाळरावांच्या पत्रांत उपदेश आणि टोमणे सढळ असत. मला या माणसाबद्दल फारसं ममत्व नाही, पण एक गोष्ट मान्य करावी लागते: जगातल्या सगळ्या नवऱ्यांत आपल्या रागाचं वजन अर्ध्या औंसाच्या आत कसं बसवायचं हे त्यांच्याइतकं अचूक कुणालाच ठाऊक नसेल. मामांचं म्हणणं, एका तरी पत्रावर कमी तिकीट लावून त्यांनी ते नॉटपेड धाडलं असलं पाहिजे, स्वभावच तसा. पुरावा नाही. मामा शोधात आहेत.

शेवटी २५ डिसेंबर १८९८ ला विलायतेच्या पत्राचा दर एक पेनी झाला, सगळ्यांना, आणि आपल्याकडं एक आणा. हे वाचून मामा पुन्हा अडकले. महूच्या शिपायाची पेनी ८ पैची होती. आता पेनीला पुरा आणा, म्हणजे १२ पै? चार पै कुठं गेल्या?

आजीला विचारायला गेलो तर ती पोथी वाचत होती. तिनं चष्मा खाली केला. "रुपया तेव्हा कितीला बसत होता?"

मामांनी वही उलटली. चांदी घसरत गेली होती. शतक संपता संपता रुपया दोन शिलिंगांवरून एक शिलिंग चार पेन्यांवर येऊन टेकला होता.

"म्हणजे सोळा पेन्या," आजी म्हणाली. "सोळा पेन्या, सोळा आणे. तुझ्या चार पै रुपयानं खाल्ल्या. दर त्यांनी उतरवला आणि रुपया त्याच्याआधी उतरला." आणि पोथीचं पान उलटलं.

मामांनी ही चार पैंची गोष्ट मुनीमजींना फोन करून सांगितली. मुनीमजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, भाव पडला की मंडीत तोलाई कमी होते असं मामासाहेबांनी कधी पाहिलंय का?

आता मामांनी त्यांना रीतसर सल्लागार नेमलं आहे. नवं पाकीट आलं की मुनीमजी येतात, भिंग न लावता लाल आकडे वाचतात, कुणाचा वाटा किती ते सांगतात. मोबदला एका पाकिटामागं एक प्लेट पोहे-जलेबी. पाकीट मार्सेय मार्गे आलेलं असेल तर जलेबी दुप्पट, असा त्यांचा आग्रह आहे. मध्ये फ्रान्स पडतो म्हणतात. मामा अजून दीडपटीवर अडून बसले आहेत.